लेक शिकतेय की लंडन फिरतेय?

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरात एम.एससी. करायला लंडनला गेली. वर्षाचा कोर्स आहे, बँकेचं कर्ज काढलंय. दर शनिवारी तिचे फोटो येतात. कधी म्युझियम, कधी नदीकाठ, कधी शहर दिसणारी एखादी टेकडी. तिचे बाबा फोटो बघतात आणि गप्प बसतात. नातेवाईक विचारतात, "शिकायलाच गेलीय ना?" तिला रागवावं का?
– एक आई, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : ताई, रागवू नका. आधी पैशांचं सांगते, कारण बाबांच्या गप्प बसण्यामागे बहुधा कर्जाचा हप्ता आहे. तुम्ही लिहिलेल्या जागा बघायला जवळजवळ काहीच लागत नाही. नव्वदच्या दशकात मी म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, शिकायला तिकडे होते, तेव्हा नॅचरल हिस्टरी म्युझियमला तिकीट असायचं आणि दारावरचा दर वाचून मागे फिरणारे विद्यार्थी मी पाहिलेत. डिसेंबर 2001 पासून तिथलं सरकारी संग्रहालयांचं प्रवेशशुल्क गेलं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सगळीकडे मुलं फुकट जातात, आणि शुक्रवारी ही तिन्ही रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. बसला पावणेदोन पौंड पडतात. तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे कापत नाहीत. घरून डबा नेला की दिवस निघतो. तिचा खरा खर्च खोलीच्या भाड्यात आहे. तो फोटोत दिसत नाही, म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

फोटोत न दिसणारं आणखी पुष्कळ आहे. सकाळी लेक्चर, मग लायब्ररी, संध्याकाळी कुठेतरी काउंटरवर काम. व्हिसाच्या नियमाप्रमाणे सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, आणि वर्षाच्या मास्टर्सला प्रबंधाचा उन्हाळाही सहसा सत्रातच धरतात. परत आलं की चार-पाच जणांचं एकच स्वयंपाकघर. शेगडी मोकळी होईपर्यंत थांबायचं, दोन दिवस पुरेल एवढी आमटी करून फ्रिजमधल्या आपल्या कप्प्यात ठेवायची, कपडे मशीनला लावून तिथेच पुस्तक घेऊन बसायचं. यातलं काय कुणी फोटो काढून पाठवणार?

आणि हिवाळा. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. तुम्ही रात्री साडेनऊला मागचं आवरून फोन करता तेव्हा तिच्याकडे चार वाजलेले असतात आणि खिडकीबाहेर अंधार असतो. पहिल्या हिवाळ्यात जी मुलं खोलीतच बसून राहतात, त्यांची मला खरी काळजी वाटते. इथे शिकवत असताना परदेशी गेलेल्या अशा विद्यार्थ्यांचे अवेळी फोन मी घेतलेत. लॅपटॉप उघडा, पान तेच, झोप पहाटेवर गेलेली, आईला मात्र "सगळं छान आहे". शनिवारी बाहेर पडणारी मुलगी सोमवारी वर्गात ताजी बसते. तिचं फिरणं तिच्या अभ्यासाच्या वेळातून जात नाहीये, उलट अभ्यासाला बळ देतंय, असं मी खात्रीने म्हणते.

आपण बडोदेकरांनी तर पाहण्या-फिरण्याला कमी लेखूच नये. सयाजीराव महाराज अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहून आले आणि 1910 मध्ये तिथले ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं सुरू केली. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जायच्या. कमाटीबागेतलं म्युझियमही त्यांचंच, 1894 सालचं. तिथे काचेआडची ममी आणि देवमाशाचा सांगाडा पाहून आपली किती मुलं मोठी झाली! तुमची लेकही त्यांतलीच असेल. तिला सांगा, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या दालनात 2017 पासून 'होप' नावाच्या निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलाय, पंचवीस मीटर लांब. तो पाहून काय वाटलं ते तुम्हाला लिहून पाठव, नुसता फोटो नको.

टेकडीचं म्हणाल तर ती प्रिमरोझ हिल असावी. विचारून बघा. तसं असेल तर तिथून थोड्याच अंतरावर 10, किंग हेन्रीज रोड हे घर आहे. डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर घेऊन 2015 मध्ये स्मारक केलं. 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले ते आपल्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले तेव्हा जातीपायी या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. कमाटीबागेत ते जिथे झाडाखाली बसले, ती आजची संकल्पभूमी. बडोद्याच्या मुलीने ते घर पाहिलंच पाहिजे, असं मला फार वाटतं. तिने तिथून फोटो पाठवला की तुम्ही दोघं संकल्पभूमीला जा आणि तिथून तिला पाठवा. बाबांना आवर्जून न्या.

विचारायचंच असेल तर हे विचारा : प्रबंधाचा विषय ठरला का, मार्गदर्शक कधी भेटतात, भाडं भरून हातात किती उरतं. पॅरिसला जायचा बेत निघाला तर मात्र हिशेब मांडायला सांगा. ब्रिटनच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही, वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. त्याचीच फी 90 युरो आहे, वर प्रवास आणि राहणं. तो बेत प्रबंध देऊन झाल्यावर करावा.

प्रश्न : मी सप्टेंबरात मँचेस्टरला जातोय. आजी साजूक तूप आणि पेढे बांधून देतेय. आणखी काय नेऊ? अभ्यासाव्यतिरिक्त तिथे काय बघू?
– एक विद्यार्थी, गोत्री, बडोदा

उत्तर : अरे, तूप आणि पेढे घरीच खाऊन जा. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आजीला नीट समजावून सांग, तिने मायेने केलेलं कचऱ्याच्या टोपलीत जाताना बघवत नाही. गोडा मसाला मात्र ने, तो तिथे सहजी मिळत नाही. मेथकूटही ने. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेव आणि पोचल्याच्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव. व्हिसाबरोबर वर्षाला 776 पौंडांचा आरोग्य अधिभार तू भरलेला असतोस. मग ताप अंगावर काढून आईला फोन करत बसू नकोस.

बघायचं तर पहिल्याच आठवड्यात जॉन रायलंड्स लायब्ररीत जा. 1900 मध्ये उघडलेली, आतून थेट चर्चसारखी, आणि फुकट. नंतर एखाद्या कोरड्या रविवारी पिकॅडिली स्टेशनवरून एडेल या गावाची गाडी पकड. पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर स्टेशनच्या बाहेरच सुरू होतात. रेलकार्ड, म्हणजे रेल्वेचं सवलतीचं कार्ड, काढलंस तर बहुतेक तिकिटांत एक तृतीयांश सूट मिळते. चिखलात चालतील असे बूट आणि पावसाचं जाकीट तिकडेच घे.