गावबंदी केल्याने महामारीचा फैलाव थांबतो का?

नाही, गावबंदीने फैलाव थांबत नाही, तो लांबणीवर पडतो. आणि त्या काळात गावातील माणसांचा आपसातील संपर्कही कमी झाला, तरच मिळालेल्या दिवसांचा उपयोग होतो. कोरोनाच्या साथीत चीनमधील वुहानमध्ये २३ जानेवारी २०२० रोजी प्रवासबंदी लागू झाली, तेव्हा बाधित प्रवासी चीनच्या इतर शहरांत आधीच पोहोचले होते, आणि त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या बंदीने चीनमधील साथ केवळ ३ ते ५ दिवस पुढे ढकलली. कारण सरळ गणिताचे आहे: एका रुग्णापासून दोघांना लागण होत असेल, तर बाहेरून येणारे बाधित निम्म्यावर आणले तरी साथ लागणीच्या एकाच फेरीने, म्हणजे कोरोनाच्या बाबतीत साधारण पाच-सहा दिवसांनी, पुढे ढकलली जाते. शिवेवर काट्या टाकून रस्ता अडवला आणि आत तेरवीच्या पंगती चालूच राहिल्या, तर एक सुटलेला रुग्णही पुरेसा ठरतो.

मात्र गावात अद्याप एकही रुग्ण नसेल आणि पुण्या-मुंबईहून परतणाऱ्यांना शाळेत १४ दिवस, जेवणाची व झोपण्याची नीट सोय करून, वेगळे ठेवता येत असेल, तर बंदीचा लाभ बराच मोठा असतो. अशा वेळीही गरोदर स्त्रिया, डायलिसिसचे रुग्ण आणि शेतमजूर यांची वाट अडवू नये. तालुक्याचा दवाखाना तीस-चाळीस किलोमीटरवर असलेल्या गावात तो अडथळा जिवावर बेतू शकतो.