सेटकर्सर केलं तरी माउस हलवताच परत बाण का येतो?

सेटकर्सर या कर्सर बदलणाऱ्या विंडोज फंक्शनने हाताच्या आकाराचा कर्सर लावलात, तो क्षणभर दिसला आणि माउस जरा हलवताच पुन्हा बाण, असंच होतंय ना? विंडोजमध्ये माउस हलला की खिडकीला दरवेळी डब्ल्यूएम_सेटकर्सर मेसेज येतो. तो तुम्ही हाताळला नाहीत तर डेफविंडोप्रॉक (न हाताळलेले मेसेज सांभाळणारं विंडोजचं फंक्शन) विंडो क्लासमध्ये, म्हणजे खिडकी ज्यावरून बनते त्या नमुन्यात, नोंदवलेला कर्सर परत लावतो. म्हणून सेटकर्सर त्या मेसेजमध्येच करा आणि ट्रू परत करा. हे ट्रू विसरलं की सगळं मुसळ केरात.

त्याआधी मेसेजसोबत येणाऱ्या एलपॅरम या किमतीच्या खालच्या १६ बिटांत एचटीक्लायंट (माउस खिडकीच्या आतल्या भागात असल्याची खूण) आहे का, तेवढं बघा. मी एकदा तपासलं नव्हतं, तर खिडकीच्या कडेवरही हातच. आकार बदलायचा दुहेरी बाण गायब! हाताचा कर्सर मिळवण्यासाठी लोडकर्सर या फंक्शनला नल आणि आयडीसी_हँड द्या.