खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, भाऊबंदांनी बोलावलं, तर ख्रिस्ती झालेल्याने काय करावं?

जा. पण रोट खाण्याचं आधीच बोलून घ्या, ताटावर बसल्यावर नको. ऐन पंगतीत हात आखडला की तो अन्नाचा अपमान वाटतो. दोन दिवस आधी घरी जाऊन सांगा, "काका, मी येईन, पाणी वाढेन, सतरंज्या टाकेन, फक्त नैवेद्य घेणार नाही." "आमच्यात चालत नाही" असं मात्र म्हणू नका, त्यातून विटाळाचा वास येतो.

करिंथकरांस पहिल्या पत्रात (10:25-28) पौलाने फरक नेमका सांगितलाय : जेवायला बोलावलं तर वाढलेलं चौकशी न करता खा, पण 'हे मूर्तीला वाहिलंय' असं कुणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. रोटाचं ते आधीच माहीत असतं. हिवाळ्यात शेतावरचं भरीत आणि कळण्याची भाकरी हे निव्वळ जेवण, तिथे खुशाल बसा.

येशू शिष्यांबद्दल म्हणतो ते 'जगाचे नाहीत' (योहान 17:16) म्हणजे गावकी तोडणं नव्हे. आदल्याच वचनात येशू म्हणतो, त्यांना जगातून काढून घे अशी विनंती मी करत नाही. जग आत शिरतं ते लोभातून आणि फुशारकीतून (1 योहान 2:16). रोट नाकारला, पण कापसाच्या काट्यावर वजन मारलं किंवा मुलाच्या लग्नात हुंडा घेतला, तर वेगळेपण उरलं कुठे? मला हीच चूक जास्त गंभीर वाटते.

विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे चहाला जरूर जा. गेलं नाही, तर अबोला बहुधा तिथूनच सुरू होतो.