सौदीचा व्हिसा हातात घेण्याआधी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर मिळतो त्याच्यापेक्षा पगार जास्त म्हणून निघालायस, निघ. पण आधी पासपोर्ट उघड. दहावी झाली नसेल तर त्यावर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) असतो, म्हणजे सौदी, कतारसह 18 देशांत कामाला जायला सरकारची एमिग्रेशन मंजुरी, म्हणजे देशाबाहेर कामाला जायची परवानगी, लागते. कटकट वाटेल, पण त्यामुळेच करारपत्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलं जातं आणि 10 लाखांचा विमा मिळतो. 'व्हिजिट व्हिशावर चल, तिथं बदलून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लाव. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. मागणारे लाखात मागतात, ते वेगळं.

आता मुख्य गोष्ट. 2011 पासून सौदीत निताकत नावाची सरकारी योजना आहे. किती स्थानिक माणसं कामावर ठेवली, त्यावरून कंपनीला रंग मिळतो. लाल रंगातल्या, म्हणजे स्थानिक माणसं फार कमी असलेल्या, कंपनीला नवे व्हिसा मिळत नाहीत, आहे त्या कामगारांचा इकामा (तिथं राहण्याचा परवाना) वाढवणंही अडतं. तुझं काम कितीही चोख असो, कागद अडला की तू अडलास. म्हणून पगाराआधी कंपनीचा रंग विचार. मुलाखतीत हे कुणी विचारत नाही, सगळे ओव्हरटाइमचंच विचारतात!

व्हिशावर हुद्दा काय लिहिलाय तेही बघ. इलेक्ट्रिशियन म्हणून नेतायत आणि कागदावर 'लेबर' असेल तर सही करू नकोस. मेडिकलला पैसे भरण्याआधी करारपत्र घेऊन ये, ओळ न् ओळ वाचू.