स्वस्तातला कॅल्क्युलेटर घेतला तर मी मागे पडेन का?

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले की फायनान्सची मुलं हमखास विचारतात, "मॅडम, महागडा कॅल्क्युलेटर परवडत नाही. साधा घेतला आणि तिथंच मार्क गेले तर?" एखादं मॉडेल सुचवून मोकळं होता येतं. मी होत नाही.

सीएफए या फायनान्सच्या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तीनदा येऊन हेच बोलली. तिच्याकडे जुना, कुणाचातरी वापरलेला बीए टू प्लस, म्हणजे फायनान्सचा साधा कॅल्क्युलेटर. "हा चुकतो. मैत्रिणीकडे याचंच महागडं मॉडेल आहे, प्रोफेशनल. त्यावर उत्तर बरोबर येतं."

"माझ्यासमोर कर."

कर्ज 10,000, व्याज वर्षाला 12 टक्के, मासिक हप्ते 12. पडद्यावर आलं 1,614.37 (उणे चिन्हासह, पैसे खिशातून जातात म्हणून). मैत्रिणीचं उत्तर 888.49.

"एकूण किती भरशील?"

"एकोणीस हजारांच्या वर... एका वर्षात?" ती थबकली. "म्हणजे यानं दर महिन्याला 12 टक्के लावलेत!"

पी/वाय, म्हणजे वर्षातले हप्ते, 1 वर होतं. तिनं 12 केलं. 888.49. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली, आणि मी मुद्दाम काही बोलले नाही. 'माझं सामान स्वस्त, म्हणून माझं उत्तरही कच्चं' हा विचार ती महिनाभर पुरावा म्हणून वागवत होती. अशा विचाराला मी कधी धीर देत नाही, हिशेब मागते. इतक्या वर्षांत तेच कामी आलंय.

आता खरेदीचं. आधी परीक्षेची परवानगी यादी बघा. सीएफएला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपीचा 12सी, एवढी दोनच घराणी चालतात. एनपीव्ही (निव्वळ वर्तमान मूल्य), आयआरआर (अंतर्गत परतावा दर), हप्ते यांना साधा बीए टू प्लस पुरतो. प्रोफेशनलमध्ये एमआयआरआर (सुधारित आयआरआर), पेबॅक (गुंतवणूक वसूल व्हायचा काळ) अशी भर असते. 12सी 1981 पासूनचा, देखणा, पण त्याला 'बरोबर'चं (=) बटणच नाही. आधी आकडे, मग क्रिया. सवय लावायला वेळ असेल तरच घ्या. यादीची अट नसेल, तर घातांक काढणाऱ्या सायंटिफिकवरही बरंच भागतं. वापरलेला घेताना प्रत्येक बटण दाबून बघा, रीसेट करा आणि पी/वाय तपासा. मग 2 + 3 × 4 करा. 20 आले तर तो चेन पद्धतीवर आहे, म्हणजे आकडे येतील त्याच क्रमानं हिशेब करतो. 14 हवे असतील तर गुणाकार आधी करणाऱ्या एओएस पद्धतीवर न्या.

शेवटच्या भेटीला ती मैत्रिणीलाही घेऊन आली. मैत्रिणीच्या प्रोफेशनलवर हेच 2 + 3 × 4 केलं. 20.

"आण इकडे," माझी विद्यार्थिनी तिला म्हणाली, "सेटिंग बदलून देते."