बो टाय, पदर आणि जहाजाचा डोल

(क्रूझच्या मुख्य डायनिंग रूमच्या दारात उभं राहून पाहुण्यांना टेबलापर्यंत नेण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला. या वेळची बहुतेक पत्रं फॉर्मल नाइटच्या, म्हणजे नटूनथटून जेवायला यायच्या संध्याकाळच्या, कपड्यांबद्दल आहेत, म्हणून सामान, व्हिसा आणि समुद्र लागण्याचे प्रश्न पुढच्या अंकात.)

प्रश्न : आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच क्रूझला निघालोय, सात रात्रींसाठी. कंपनीकडून आलेल्या कागदात दोन संध्याकाळींपुढे ‘फॉर्मल’ असं लिहिलंय. ह्यांच्याकडे समारंभांना घालतात तो एक गडद निळा सूट आहे. आमच्या ओळखीचे एक जण दोनदा जाऊन आलेत. ते म्हणतात, टक्सीडो (बो टायसोबत घालायचा काळा समारंभी सूट) नसेल तर दारातून परत पाठवतात. नवा शिवून घ्यावा का?

उत्तर : शिवू नका. गडद सूट, पांढरा शर्ट आणि टाय घातलेल्या माणसाला मी कधी परत पाठवलं नाही, माझ्या माहितीत कुणी पाठवलेलंही नाही. आजच्या मोठ्या कंपन्यांमध्ये कपड्यांबाबत सगळ्यांत कडक म्हणून क्युनार्डचं नाव घेतात. त्यांच्या गाला इव्हनिंगला, म्हणजे फॉर्मल नाइटलासुद्धा टक्सीडो किंवा गडद सूट, बो टाय किंवा साधा टाय, यातलं काहीही चालतं.

तुमचे ओळखीचे खोटं बोलत नसतील, पण ते कोणत्या कंपनीच्या जहाजावर गेले होते आणि किती वर्षांपूर्वी, हे आधी विचारा. प्रिन्सेसच्या जहाजांवर ‘फॉर्मल’ हा शब्द अजून टिकून आहे आणि आठवडाभराच्या सफरीत अशा साधारण दोन संध्याकाळी येतात. कार्निव्हल त्यालाच ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते : दोन ते पाच दिवसांच्या सफरीत एक, सहा किंवा जास्त दिवसांच्या सफरीत दोन. तिथे कोट नसला तरी नीट शर्ट-पँटवर भागतं. सेलिब्रिटीने २०१५च्या डिसेंबरात फॉर्मल नाइट बंद करून ‘इव्हनिंग शिक’ आणली आणि टायची सक्ती संपली. नॉर्वेजियनने २०००मध्ये ‘फ्रीस्टाइल’ सुरू केलं, तेव्हापासून त्यांच्याकडे नटायचं की नाही हे पाहुण्यावर सोडलेलं आहे. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर आणि ओशियानियावर तर फॉर्मल नाइट हा प्रकारच नाही. त्यामुळे कपड्यांचा सल्ला विचारायचा तो तुमच्याच कंपनीच्या जहाजावरून नुकतंच आलेल्या माणसाला. नाही तर बुकिंगच्या कागदांतलं कपड्यांचं पान नीट वाचा, ते बहुतेक जण न वाचताच येतात.

या दोन संध्याकाळी कोणत्या, हेही आधीच ओळखता येतं. ज्या दिवशी जहाज बंदरात लागत नाही, दिवसभर समुद्रातच असतं, त्या दिवशी फॉर्मल नाइट ठेवायची पद्धत आहे. माणसं भटकून दमलेली नसतात, तयार व्हायला वेळ असतो. पहिल्या रात्री सहसा नसतेच, कारण तुमच्या बॅगा अजून केबिनकडे यायच्या वाटेवर असतात. जुन्या काळी अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांवर पहिल्या वर्गाचे प्रवासी रोज संध्याकाळी नटून जेवायला उतरत, पण पहिली आणि शेवटची रात्र त्यांनाही माफ होती. पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसायच्या, शेवटच्या रात्री भरून झालेल्या असायच्या. म्हणून हातातल्या बॅगेत औषधं, कागदपत्रं आणि एक साधा जोड ठेवा; सूट मोठ्या बॅगेत गेला तरी चालेल. फक्त एक करा. दोघांचे फॉर्मल कपडे एकाच बॅगेत भरू नका. विमानात ती एक बॅग मागे राहिली, तर दोघंही अडकता.

आता दारातला माणूस काय पाहतो ते सांगतो. तो पायांकडे पाहतो. कापड कोणतं, सूट कुणाचा, हे पाहायला त्याला वेळ नसतो. रांगेत मागे शंभर माणसं असतात. पण पॉलिश नसलेले बूट, सुटाखाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज, बुटांवर गोळा झालेली पँट, हे वीस पावलांवरून दिसतं. नव्या टक्सीडोला लागला असता त्यातला थोडासा खर्च सूट मापात बसवून घेण्यात घाला. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ सेंटिमीटरभर दिसावा, पँट बुटाला जेमतेम टेकावी, कॉलरमध्ये दोन बोटं जावीत, चार नकोत. सूट शिवून पाचेक वर्षं झाली असतील तर निघायच्या महिनाभर आधी एकदा घालून बघा. कमरेचं माप माणूस मनात धरून बसतो, पँट धरत नाही.

दोन्ही रात्री तोच सूट चालतो. टाय बदला, जमलं तर शर्ट बदला. परवा तुम्ही काय घातलं होतं हे शेजारच्या टेबलाला आठवत नाही. ते स्वतःचे फोटो कसे आले याच विचारात असतात. तुमच्या ह्यांना टक्सीडोची हौसच असेल, तर भाड्याने मिळतो का हे कंपनीला विचारा. ज्या जहाजांवर ती सोय आहे तिथे निघण्याआधी मापं कळवायची, पोशाख केबिनमध्ये येतो. मापं शिंप्याकडून घेतलेली द्या, अंदाजाने सांगू नका. तयार बांधलेला बो टाय लावायला कसली लाज नाही, दारात कुणी ओढून बघत नाही. चमकणाऱ्या मखमली कोटाबद्दल माझं मत विचारलं नाहीत, हे बरं झालं.

प्रश्न : गाऊनमध्ये मला अवघडल्यासारखं होतं. साडी नेसले तर चालेल का? मैत्रिणी म्हणतात, तिथे सगळ्या गाऊन घालतात, तू एकटीच वेगळी दिसशील.

उत्तर : चालेल. वेगळ्या दिसाल हेही खरं, पण त्यात बिघडलं काय? क्युनार्डच्या नियमांत स्वतःच्या देशाचा औपचारिक पोशाख चालेल असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्या दारातून किल्ट (स्कॉटिश घागरा) घातलेले पुरुष गेले, किमोनोतल्या बायका गेल्या, साड्याही भरपूर गेल्या. कुणाला थांबवायचा प्रश्नच आला नाही. उलट साडी नेसलेली बाई आली की वाढपी मुलं खुर्ची जरा जास्तच अदबीने ओढायची.

अडचण येते ती जहाजाची. आजच्या जहाजांना स्टॅबिलायझर असतात, म्हणजे पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती. त्यांनी डावी-उजवी डोलणं बरंच कमी होतं, पुढे-मागे होणारं वरखाली मात्र तितकं थांबत नाही. ते जास्त जाणवतं ते जहाजाच्या दोन टोकांना, आणि बऱ्याच जहाजांवर मुख्य डायनिंग रूम मागच्या टोकालाच असते. पेन्सिलीसारखी टाच घातलेल्या बायका रांगेत झोकदार उभ्या असायच्या आणि टेबलापर्यंत जाताना प्रत्येक खुर्चीची पाठ धरत जायच्या. रुंद टाचेची किंवा सपाट चप्पल घ्या, आणि ती आधी घरी वापरून पायात बसलेली हवी. साडी त्याच चपलेवर नेसून पाहा. काठ जमिनीपासून बोटभर वर राहिला पाहिजे, जिन्यात तोच आधी पायाखाली येतो.

पदर पिन करा, मोकळा सोडू नका. जेवणाआधी सूर्यास्त बघायला उघड्या डेकवर जायचा मोह होतोच. जहाज २० नॉटने चाललं असेल तर हवा अगदी पडलेली असली तरी डेकवर ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा वारा लागतो. डेकची दारं जड असतात आणि वाऱ्याने जोरात मिटतात. पदर, ओढणी, गाऊनचा घोळ, सगळं हातात धरून मगच दार ओढा. बाल्कनीच्या उंबऱ्याशीही तेच. केबिनमधून बाल्कनीत जाताना खाली उंचवटा असतो आणि नटलेलं माणूस खाली बघत नाही.

आणखी एक परीक्षा घरीच घ्या. पूर्ण नटून जेवणाच्या खुर्चीत दीड-दोन तास बसा. फॉर्मल नाइटचं जेवण एकामागून एक पदार्थ येत तेवढं चालतं. ब्लाउजच्या पाठीवरचं मणीकाम, गाऊनची कमरेतली घट्ट पट्टी, उभं राहून आरशात छान दिसणाऱ्या गोष्टी तासाभराने टोचायला लागतात. डायनिंग रूममध्ये एसी चांगलाच थंड असतो, शाल किंवा स्टोल हवाच. पर्स लहान घ्या. बहुतेक जहाजांवर केबिनची किल्ली आणि पैसे देण्याचं साधन हे एकच कार्ड असतं. ते, चष्मा आणि रुमाल मावला की झालं.

दागिन्यांबद्दल इतकंच की जे हरवलं तर झोप उडेल ते घरी ठेवा.

प्रश्न : माझ्या मित्राचं म्हणणं असं की, पैसे भरून सुट्टीवर आलोय तर काय घालायचं हे जहाजवाल्यांनी का ठरवायचं? तो शॉर्ट्‌स घालूनच जेवायला येणार म्हणतो. अडवतील का?

उत्तर : फॉर्मल नाइटला मुख्य डायनिंग रूमच्या दारात बहुतेक जहाजांवर अडवतील, आणि बरोबर करतील. वर बुफे उघडा असतो, तिथे त्याला शॉर्ट्‌समध्ये कुणी काही बोलणार नाही. बऱ्याच जहाजांवर केबिनमध्ये जेवण मागवता येतं. क्युनार्डच्या क्वीन मेरी २ वरसुद्धा नटायचं नसेल त्यांच्यासाठी किंग्ज कोर्ट बुफे आणि गोल्डन लायन पब आहे. म्हणजे त्याच्यावर जबरदस्ती कसलीच नाही. फक्त जी एक खोली लोकांनी नटून बसायला राखली आहे, तिथे त्याला शॉर्ट्‌समध्ये बसायचंय.

त्याला माझा एक निरोप द्या. दारातल्या पोराशी वाद घालू नकोस. नियम त्याने केलेला नाही. तुला आत सोडलं तर आतले पाहुणे त्याच्याकडे तक्रार करतात, अडवलं तर तू करतोस. लांब पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट एवढं घातलं तरी बऱ्याच कंपन्यांच्या जहाजांवर काम भागतं. न फाटलेली जीन्स इतर संध्याकाळी अनेक ठिकाणी चालते. फॉर्मलच्या दिवशी मात्र कंपनीचं पान पाहून ठरवा.

प्रश्न : कपडे बॅगेत चुरगळणार. छोटी इस्त्री किंवा हातातला स्टीमर नेला तर चालेल का?

उत्तर : बहुतेक कंपन्यांच्या जहाजांवर दोन्ही चालत नाहीत. चढताना सामान स्कॅन होतं, त्यात दिसलं की काढून ठेवतात आणि शेवटी परत देतात. समुद्रात आग लागली तर पळायला रस्ता नसतो, त्यामुळे इथे कुणी सवलत देत नाही, मागूही नका.

प्रिन्सेस आणि क्युनार्डच्या जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याच्या खोल्या असतात, तिथे इस्त्री मिळते. फॉर्मल नाइटच्या संध्याकाळी तिथे रांग लागते, आणि सुट्टीवरची माणसं इस्त्रीवरून जितकी भांडतात तितकी दुसऱ्या कशावरून भांडत नाहीत. सकाळी लवकर जा. रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर अशी खोली नाही. तिथे केबिनमधल्या पिशवीत कपडे घालून इस्त्रीला द्यावे लागतात, त्याचे वेगळे पैसे पडतात. पहिल्याच संध्याकाळी दिले तर वेळेत परत येतात.

त्यापेक्षा कापडच असं निवडा की फार सुरकुत्या पडणार नाहीत : लोकरी सूट, क्रेप, जॉर्जेट. लिनन घरी राहू द्या. कोटाच्या घड्यांमध्ये लाँड्रीचं पातळ प्लास्टिक घाला, घडी घसरते आणि पक्की बसत नाही. केबिनमध्ये शिरलात की आधी कपडे टांगा. हँगर कमी पडतात, पण केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, लोहचुंबकाचे हूक बरोबर नेले तर हव्या तिथे चिकटतात. आंघोळीच्या वाफेत कपडे टांगायची युक्ती पातळ कापडावर थोडीफार चालते, सुटावर नाही.

प्रश्न : मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला सूट घ्यावा का?

उत्तर : नको, पुढच्या वर्षी तोकडा होईल. गडद पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट. टाय त्याला हवा असेल तरच.

प्रश्न : आई आमच्याबरोबर येणार आहे. गुडघ्यांमुळे ती स्पोर्ट्‌स शूजशिवाय चालूच शकत नाही. ‘फॉर्मलच्या रात्री मी केबिनमध्येच जेवीन, तुम्ही जा’ असं आत्तापासून म्हणते आहे. काय करावं?

उत्तर : आईंना केबिनमध्ये ठेवू नका. दारातला माणूस पायांकडे पाहतो असं वर लिहिलं, ते धडधाकट माणसांसाठी. काठी, वॉकर, व्हीलचेअर किंवा सावकाश पडणारं पाऊल दिसलं की त्याची नजर बुटांवर थांबत नाही, जवळचं टेबल कोणतं मोकळं आहे ते शोधायला लागते.

काळे, बिनपट्ट्यांचे, साध्या तळाचे स्पोर्ट्‌स शूज मिळतात, ते घ्या. त्यावर गडद रंगाचा लांब पोशाख घातला की बूट दिसतही नाहीत. जहाजावर चढलात की पहिल्याच दुपारी डायनिंग रूममध्ये जाऊन हेड वेटरला भेटा आणि आईंचं सांगा. त्या वेळी टेबलं बदलून मागायला लोक आलेलेच असतात, त्यामुळे तो तिथे बसलेला सापडतो. दाराजवळचं, पायऱ्या न लागणारं, हात असलेल्या खुर्चीचं टेबल मागा. जेवणाच्या दोन बैठका (ठरलेल्या वेळा) असतील तर आधीची घ्या आणि दार उघडायच्या दहा मिनिटं आधी न जाता उघडल्यावर दहा मिनिटांनी जा, म्हणजे त्यांना रांगेत उभं राहावं लागणार नाही. लिफ्टलाही तेव्हा कमी गर्दी असते. फॉर्मल नाइटला जहाजाचे फोटोवाले पडदा लावून फोटो काढतात, तिथे त्यांना खुर्ची हवी असेल तर मागा, ते लगेच देतात.