१४ महिन्यांचं बाळ आणि ७६ वर्षांचे आजोबा, एकाच क्रूझवर जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत, सांगलीहून दहाजण क्रूझला जायचं म्हणताय, धाकटी १४ महिन्यांची, पुतण्या ४ वर्षांचा, बाबा ७६ चे. मुंबई-गोवा करावं की सिंगापूरहून मोठं जहाज घ्यावं, आणि मुळात एवढी लहान पोरं न्यावीत का?

न्या की. मुंबईहून, दोन किंवा फार तर तीन रात्रींचं. पण पैसे भरायच्या आधी एका गोष्टीचा निकाल लावून टाका: बाळ कुठल्या वेळी कुणाकडे असणार. हे तुम्ही ठरवलं नाहीत तर ते आपोआप ठरतं, आणि मग बाळ एकतर आजीच्या मांडीवर असतं, नाहीतर धाकट्या सुनेच्या कडेवर. मी आमच्या घरातली धाकटी सून आहे, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतेय.

आम्ही साताऱ्याहून नऊजण गेलो होतो, जानेवारीत. सासरे ७४, सासूबाई ६९, सासऱ्यांच्या बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, दीर-जाऊबाई आणि त्यांचा ७ वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं आणि आमची अडीच वर्षांची. मुंबई-गोवा-मुंबई.

पहिली चूक रस्त्यातच झाली. त्याच दिवशी पहाटे टेम्पो ट्रॅव्हलर करून निघालो आणि खंडाळ्याच्या घाटात दीड तास अडकलो. पोरगी दोनदा ओकली, सासरे घड्याळ बघून बघून सगळ्यांचं डोकं खात होते. जहाज कुणासाठी थांबत नाही, चेक-इनची वेळ सुटण्याच्या बरीच आधी संपते. तुम्हाला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची आहे. रात्री सांगलीत बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. जवळपास एखादी खोली घेऊन आंघोळी-नाश्ता उरका आणि दुपारी आरामात बंदरावर जा.

दुसरी चूक माझी. बंदरावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, त्यांना खोलीच्या नंबरची चिठ्ठी लावतात आणि त्या नंतर खोलीपाशी आणून ठेवतात. 'नंतर' म्हणजे आमच्या बाबतीत संध्याकाळी सात. डायपरचं अख्खं पाकीट मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत फक्त दोन. चार वाजेपर्यंत दोन्ही संपले. मी दुकान शोधत डेकवर धावतेय, आणि आत्याबाईंनी शांतपणे पर्समधून जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा काढला. तो त्या कायम जवळ बाळगतात, कशासाठी ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. तिथेच डेकखुर्चीवर पोरीला आडवं करून त्यांनी लंगोट बांधला. शेजारी सेल्फी काढणारं एक जोडपं बघतच राहिलं. तेव्हा डायपर, कपड्यांचे दोन जोड, बाळाचं खाणं, आणि आई-बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या पूर्ण प्रवासाच्या, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.

आता 'बोट लागण्या'चं. घरातली मोठी माणसं यालाच जास्त घाबरतात. सासूबाईंचं माहेर रत्नागिरीचं, लहानपणी त्या कोकण बोटीने मुंबईला जायच्या. बोट बंदरात लांब उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, तिच्यावर चढायचं. त्या आठवणीने त्यांनी जहाजावर पाऊल ठेवायच्या आधीच आल्याच्या वड्या वाटायला सुरुवात केली. आताची जहाजं प्रचंड असतात, लाटा तोलणारे पंख खाली लावलेले असतात, शांत समुद्रात फारसं कळतही नाही. शिवाय दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, खरा त्रास २ ते १२ वयात. म्हणजे तुमच्या धाकटीपेक्षा पुतण्याची काळजी करा. कुंभार्ली घाटात त्याला गाडी लागते का? लागत असेल तर बोटही लागू शकते. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी. बरं वाटत नसेल तर त्याला उघड्या डेकवर नेऊन लांब क्षितिजाकडे बघायला लावा, मोबाईल अजिबात देऊ नका. औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. घाटात आपण घेतो त्यातल्या काही गोळ्या दोन वर्षांखालच्या बाळांना देण्यासारख्या नसतात.

खोल्यांबाबत घरात वाद होणार, आमच्याकडेही झाला. दीरांना बाल्कनी हवी होती. मी बिनखिडकीची आतली खोली घेतली आणि मला त्याचा कधीच पश्चात्ताप झाला नाही. दिवा बंद केला की मिट्ट काळोख, पोरगी दुपारी दोन-दोन तास झोपायची. शिवाय बाल्कनीच्या दाराची कडी घातली का, हे रात्रभर तपासत बसावं लागलं नाही. बाळाचा पाळणा बहुतेक जहाजांवर मिळतो, पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं, आणि तो मांडला की पाय ठेवायला जागा उरत नाही. आई-बाबांची खोली लिफ्टजवळ पण नाचगाण्याच्या हॉलपासून लांब मागा. बाथरूमला उंबरा असतो, रात्री अंधारात पाय अडकतो. आम्ही सासूबाईंच्या बाथरूमचा दिवा रात्रभर चालूच ठेवला. बादली-मगाची अपेक्षा ठेवू नका, शॉवर असतो. घडी होणारी रबरी बादली मिळते, ती न्या, बाळाची आंघोळ आणि आईंचा जीव दोन्ही सांभाळले जातील.

आणि तो संडास! विमानासारखा हवेने ओढणारा असतो. बटण दाबलं की असा आवाज होतो की आमची पोरगी पहिल्या वेळी किंचाळून उघडीच बाहेर पळाली आणि पुढचा पूर्ण दिवस बसायलाच तयार होईना. पुतण्याला आधी बाहेर काढा, दार लावा, मग बटण दाबा. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

खाण्याचं सोपं आहे. आपल्याकडच्या जहाजांवर शाकाहारी जेवण मुबलक असतं, जैन जेवणही मिळतं. घरी शिजवलेलं सहसा वर नेऊ देत नाहीत, किटली-इस्त्री तर सुरक्षा तपासणीतच काढून ठेवतात. बाळाचं बंद पाकिटातलं खाणं आणि दुधाची पावडर चालते. बुफेवर पहिल्याच दिवशी तिथल्या एका माणसाला गाठून मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण रोज मिळेल का, विचारून ठेवा. आम्हाला तिसऱ्या जेवणापासून तो मुलगा न मागता वाटी आणून द्यायचा. एक कडक नियम मात्र पाळा: बुफेला जाताना मुलांचे हात साबणाने धुवा. दारात ठेवलेल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, जहाजांवर जुलाब-उलट्या पसरवणारा जो नोरोव्हायरस असतो त्याला तो नीट मारत नाही.

सगळ्यात पहिला कार्यक्रम असतो सेफ्टी ड्रिलचा, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाचा. सासरे म्हणाले, "मी नाही येत, पाय दुखतात." पण आधी त्यांनीच मला तीनदा विचारलं होतं, बुडत नाही ना. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली, आणि ती गोष्ट त्यांच्या वडिलांनी इतक्या वेळा सांगितली होती की समुद्र म्हटलं की त्यांना तीच आठवते. मी म्हटलं, म्हणूनच चला. इटलीजवळ जानेवारी २०१२ मध्ये कॉस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती. २०१५ पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा इशारा पुतण्याला खेळासारखा पाठ करून द्या. आमच्या ७ वर्षांच्याने तो गोव्यापर्यंत तोंडाने वाजवून वीट आणला. बाळासाठी वेगळं छोटं लाईफ जॅकेट असतं, ते खोलीत नसेल तर लगेच मागून घ्या.

सिंगापूर मी या खेपेला टाळेन. वयाचा प्रश्न नाही, बहुतेक कंपन्या ६ महिन्यांचं बाळ घेतात, लांबच्या महासागरी सफरीला १२ महिन्यांची अट असते, तुमची दोन्हीत बसते. पण दहाजणांचे पासपोर्ट, व्हिसा, साडेपाच तासांचं विमान आणि त्यानंतर जहाज, एवढं सगळं बाबांच्या गुडघ्यांना आणि बाळाच्या झोपेला कशाला? शिवाय परदेशी मोठ्या जहाजांवर डायपरमधली मुलं तलावात चालत नाहीत, पोहण्याचा डायपर असला तरी. मुलांचे क्लब बहुतेक ३ वर्षांपुढे, तेही शी-शू सांगता येत असेल तर. म्हणजे ज्यासाठी जादा पैसे मोजणार, ते १४ महिन्यांच्या बाळाला बाहेरूनच बघायचं. लक्षद्वीपची सफर दिसली तर एवढं लक्षात घ्या की जहाज लांब थांबतं आणि किनाऱ्यावर छोट्या होडीने जावं लागतं. म्हणजे आमच्या सासूबाईंचा पडाव परत आलाच. हलत्या होडीत ७६ व्या वर्षी पाय टाकायचा की नाही, ते बाबांना आधी विचारा.

आता मूळ मुद्द्यावर येते. पहिल्या रात्री जादूचा कार्यक्रम होता. आम्ही चौघांनी गृहीतच धरलं की पोरं आजीकडे झोपतील. तयार होऊन त्यांच्या खोलीशी गेलो तर सासूबाई मोरपंखी साडी नेसून, गजरा माळून, पर्स घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "माझंही तिकीट काढलंय ना?" बरं, सगळ्यांची तिकिटं त्यांच्याच एफडीतून निघाली होती. मी पोरीला घेऊन परत खोलीत आले, पण रागावता येईना.

मग रात्री अकराला आम्ही खोलीतल्या लेटरहेडवर वाटणी लिहिली आणि आरशाला चिकटवली. सकाळी ६ ते ८ सासरे, कारण ते तसेही पाचला उठतात. दुपारची झोप आत्याबाईंच्या खोलीत, त्यांनाही आडवं व्हायचं असतं. संध्याकाळ आम्ही दोघं, एक रात्र दीर-जाऊबाई, एक रात्र आम्ही. सासूबाईंच्या नावापुढे काहीच नाही, ते जाऊबाईंनी मुद्दाम मोकळं ठेवलं. दिवसभर कुणी कुणाला शोधायचं नाही, फक्त रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका टेबलावर, साडेसातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला डेकवर गेले तर सासरे पोरीला कठड्यापासून चार पावलं मागे घट्ट धरून उभे होते, आणि ती विचारत होती, "आबा, ही कृष्णा का?" ते तिला साताऱ्याजवळच्या माहुलीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत सगळा भूगोल समजावत होते. तिला त्यातलं काही कळलं नसणार.

एक राहिलं. सगळ्यांचे मोबाईल, विशेषतः बाबांचा, चढल्याबरोबर फ्लाईट मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजावरचं नेटवर्क पकडतो, त्याचे दर आपल्या पॅकमध्ये नसतात. सासऱ्यांनी समुद्रातून आपल्या मित्राला फोन करून "इथे नुसतं पाणीच पाणी" एवढंच सांगितलं, आणि त्या महिन्याचं बिल बघून महिनाभर कुणाशी बोलले नाहीत.

लग्नाच्या वाढदिवसाची तारीख तुम्ही लिहिली नाही. मे-अखेरीनंतरची असेल तर तारखेला धरून बसू नका, डिसेंबर ते फेब्रुवारीत कुठेतरी उरकून घ्या, समुद्र तेव्हा सगळ्यात शांत असतो. पावसाळ्याचं तर नावच काढू नका. आमच्या सासूबाई अजूनही सांगतात, नारळी पौर्णिमेला नारळ पडल्याशिवाय त्यांच्या माहेरी कुणी बोटीत पाय ठेवायचं नाही.